ही गाडी झुकत नाही

अमरावती
२१ नोव्हेंबर २०२३

प्रिय दादा,

जय भीम. तुझा ठावठिकाणा प्रतीक्षामुळे लागला. शाळेत माझ्या बाकावर बसायची ती प्रतीक्षा. आता धारणीच्याही पुढे, तुझ्याच आरोग्य केंद्रात नर्स आहे. धारणीच्या बाजाराला आली की तिच्या फोनला रेंज येते. मागच्या आठवड्यात तिथून तिचा फोन आला. म्हणाली, "दिक्षे, आमच्या जीपवर नवा ड्रायव्हर आला. दाढी वाढवली हाय, कोनाशी बोलत नाई, पन चालते अगदी तुह्या भावासारखा." मी नाव विचारलं. तिनं सांगितलं. तुझंच नाव.

तुझा जुना नंबर बंद आहे, म्हणून पत्र. प्रतीक्षाच्या नावानं पाठवते आहे, ती तुझ्या हातात देईल.

मी बरी आहे. नागपूरच्या हॉस्पिटलातून सोडल्यावर मला अमरावतीला पंचफुलामावशीकडे आणलं, कारण तिचं घर तळमजल्यावर आहे आणि व्यायामाचं सेंटर जवळ आहे. आई माझ्यासोबत इथंच असते. पाय अजून झोपेत आहेत. डॉक्टर म्हणतात धीर धरा, तर मी धीर धरून आहे. बाबा रविवारी अकोल्याहून येतात, माझ्या पलंगाजवळ बसून पेपर वाचतात आणि संध्याकाळच्या बसनं परत जातात.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाबा तुला काय बोलले ते मला मावशीनं सांगितलं. "तू माह्या पोरीले मारून टाकलं. आता माह्या डोयापुढं उभा राहू नको." तू गॅरेजची चावी आईच्या हातात ठेवलीस आणि जिना उतरून गेलास. मी तेव्हा आत ऑपरेशनच्या टेबलावर होते. शुद्धीवर असते तर ओरडून सांगितलं असतं, म्हणून आता लिहिते.

तू तुझ्या मोटरसायकलवर माझ्या पुढे होतास. तुला जे दिसलं ते आरशात दिसलं. गाडीवर मी होते. तेव्हा त्या वळणाचं माझं ऐक.

घटांगच्या त्या डाव्या वळणाला येण्याआधीच मी वेग कमी केला होता, गिअर उतरवला होता. वळणात शिरल्यावर ब्रेकला हात लावला नाही. अर्धं बूड सीटवरून आतल्या बाजूला सरकवलं, उजव्या मांडीनं टाकी घट्ट धरली, डाव्या पायाचा चवडा फुटरेस्टवर होता. छाती आत, हनुवटी डाव्या आरशाच्या वर, कोपरं सैल. कापसाच्या जिनिंग मिलच्या मोकळ्या आवारात विटा मांडून तू मला आणि त्या रविवारच्या पोरापोरींना शिकवायचास ना, तंतोतंत तसं. "हँडलवर पोळ्या लाटून राहिली का? भार काढ. मांडीनं धर गाडी, हातानं नाई." आणि नजर? नजर वळणाच्या शेवटाकडे होती, चाकापुढं नव्हती. डावं हँडल पुढे ढकललं, गाडी डावीकडे झुकली, आणि वळणात आपल्याला कोणी खाली सीटमध्ये दाबतं तो दाब मला लागला. मला तो फार आवडायचा, तुला माहीत आहे. माझ्यापुढे तू झुकला होतास, तुझ्यामागे मी. दोघं एकाच रेषेत.

मग चाकाखाली मुरूम आला. डोंगरातून पावसानं वाहून आणलेला, पातळ, रस्त्याच्याच रंगाचा. तू त्याच्यावरून गेलास आणि तुझ्या गाडीला काही झालं नाही. माझं मागचं चाक सरकलं. तेव्हाही मी तू सांगितलेलं केलं. ब्रेक नाही, घाबरून गाडी सरळ करणं नाही, हात सैल. चाक परत पकड घेईल म्हणून वाट पाहिली. त्यानं घेतली नाही. एवढंच.

तू शिकवलेलं चुकीचं नव्हतं आणि मी ते चुकीचं केलं नाही. हे तुला कळावं म्हणून हे पत्र आहे. बाबांचा राग उतरेल. तू ये.

तुझी,
दिक्षा

*

अमरावती
३० जानेवारी २०२४

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं नाही. प्रतीक्षा म्हणते, तिनं पत्र तुझ्या हातात दिलं, तू ते शर्टाच्या खिशात घातलंस आणि जीप पुसायला लागलास.

पाय झोपेत आहेत असं मी लिहिलं होतं. ते तसं नाही. बेंबीच्या वरपासून खाली काहीच नाही, आणि येणारही नाही. हे नागपूरलाच सांगितलं होतं, पण बाबांना सांगितलं होतं, मला नाही. आईलाही नाही. बाबा एवढे दिवस ते एकटेच घेऊन फिरत होते. परवा इथल्या डॉक्टरीणबाईंनी आईसमोरच मला सरळ सांगून टाकलं. वाईट नाहीत त्या. म्हणाल्या, "आता पाय सोड, हात घे. हातांवर मेहनत कर."

मी आईकडे बघितलं. तिनं माझ्या मांडीवरची चादर नीट केली. सगळं सोडून चादर.

व्यायामात मला बसायला शिकवतात. लहान बाळ बसवतात तशी उश्या लावून बसवतात, मग एकेक उशी काढतात. पोटाला आणि कमरेला ताकद नाही, त्यामुळे हात टेकवले नाहीत तर मी ज्या बाजूला कलते त्या बाजूला पडते. सावरता येत नाही. एकदा उजवीकडे पडले तेव्हा तुझी आठवण आली. तू एखाद्या पोराला वळणात ताठ बसलेलं पाहिलंस की ओरडायचास, "अबे, झुक ना! काय खांबासारखा बसला!" मी तर आता खांबही नाही. खांब निदान उभा राहतो.

ऑफिसनं मला शेतावरच्या कामावरून काढून टेबलावर घेतलं आहे. कृषी सहायक म्हणून गावोगाव गाडीवर फिरले, आता कागदावर शिक्के मारायचे. तेही चाललं असतं, पण ते टेबल पहिल्या मजल्यावर आहे. हजेरीच्या दिवशी बाबा आणि एक शिपाई मला खुर्चीसकट उचलून वर घेऊन गेले. बाबांचा गुडघा दुखतो, जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ते थांबले. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या हातावर पडला. साहेब म्हणाले, "ताई, खाली खोलीची व्यवस्था होईपर्यंत तुम्ही घरीच थांबा." तर घरीच आहे.

तुला हे लिहावं की नाही याचा बराच विचार केला. आई नको म्हणाली. "लेकराच्या जिवाले घोर लागंन." पण तुला मी उभी राहीन असं वाटत राहावं, आणि तू त्याची वाट बघत तिथं थांबावंस, हे मला बरं वाटेना. त्याची वाट बघू नकोस. तसाच ये.

दिक्षा

*

अकोला
१६ जून २०२४

प्रिय दादा,

आम्ही जठारपेठेत परत आलो. बाबांनी उंबरठा फोडून उतार करून घेतला. तुझं गॅरेज बंदच आहे. बाबा रोज सकाळी शटरसमोर झाडतात, कुलूप उघडत नाहीत. तुझे रविवारचे दोन विद्यार्थी येऊन विचारून गेले, सर कधी येणार. आईनं त्यांना चहा देऊन पाठवलं.

एक बातमी आहे. मला गाडी आली. स्कूटर, पण मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक लावलेली. ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळं हातात. पाठीला टेकू आहे आणि पोटावरून बांधायचा पट्टा. बाबांनीच शोधून आणली. मोटरसायकलचं नाव काढलेलं ज्यांना चालत नाही ते बाबा ती स्कूटर दारात उभी करून मला म्हणाले, "पाह्य, जमते का." त्यांच्या आवाजात इतकी आशा होती की मला नाही म्हणवेना.

शाळेच्या मैदानावर नेलं. सुट्टी होती, कोणी नव्हतं. बाबांनी मला उचलून बसवलं, पट्टा बांधला. सरळ गेले तोवर इतकं छान वाटलं, दादा! तोंडावर वारा आला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला कोणी ढकलत नव्हतं.

मग भिंत जवळ आली आणि डावीकडे वळायचं होतं. मी काय केलं असेल? डावं हँडल पुढे ढकललं. विचार केला नाही, हातांनी आपणच केलं. तू मला हे किती वर्षं शिकवलंस. ज्या बाजूला जायचं त्या बाजूचं हँडल पुढे ढकल, गाडी त्या बाजूला झुकेल आणि वळेल. पण ही गाडी झुकत नाही. तिला चार चाकं आहेत, ती बैलगाडीसारखी सपाट चालते. डावं हँडल ढकललं तर पुढचं चाक उजवीकडे वळलं आणि ती उजवीकडेच गेली. मी आणखी जोरात ढकललं. ती आणखी उजवीकडे. बाबा मागून ओरडत धावत आले, "अवं, हँडल तिकडं फिरव ना जिकडं जाचं हाय! उलटं काहून करून राहिली?" मी कुंपणाच्या तारेत जाऊन थांबले. लागलं नाही, ओढणी फाटली.

बाबांना वाटलं मला गाडी येतच नाही. मला गाडी येते म्हणूनच ते झालं, हे त्यांना कसं सांगू? तुला सांगते. तुलाच कळेल.

दुसऱ्यांदा मनात घोकत गेले, डावीकडे जायचं, डावं हँडल ओढ, डावं हँडल ओढ. गाडी बरोबर वळली. पण माझं अंग बाहेर फेकलं गेलं. मोटरसायकल आत झुकते म्हणून वळणात आपलं वजन सीटमध्ये जातं. ही सपाट असल्यामुळे वळण आलं की माणूस बाहेरच्या बाजूला लोटला जातो आणि आतल्या बाजूचं चाक उचललं जातं. कंबर असलेला माणूस आत कलून ते चाक दाबून धरेल. माझी कंबर कुठं आहे? पट्ट्यानं मला धरलं, पण मी उजवीकडे लोंबकळले आणि ॲक्सिलरेटर धरलेल्या हातावरच सगळं वजन गेलं, तशी गाडी आणखी पळाली. बाबांनी धावत येऊन मागून धरली. त्या वयात.

तेव्हा एवढं कळलं की वळणावर माणूस चालतो त्याहून हळू जायचं. तसं गेलं की काही होत नाही. आता मी तशी जाते. घरापासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यावर थांबून, इकडेतिकडे बघून, इंच इंच वळून. मागून पोरं हॉर्न वाजवतात.

तू येऊन मला हे शिकवशील का? मोटरसायकल नाही, ही. पहिलं शिकलेलं अंगातून काढायचं कसं ते. कारण ते जात नाही. काल पलंगावर पडल्या पडल्या रस्त्यावरून एक गाडी जोरात वळल्याचा आवाज आला आणि माझा डावा खांदा आपोआप आत गेला. आईनं पाहिलं.

दिक्षा

*

अकोला
९ ऑक्टोबर २०२४

दादा,

प्रतीक्षा आली होती. दोन दिवस राहिली. तिनं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण आईनं तिच्या पानात भाजी वाढता वाढता विचारलं, "माह्या लेकाचं बरं चाल्लं ना?" आणि तिला रडू आलं.

तू वळणावर जीप थांबवतोस म्हणे. प्रत्येक वळणावर. उतरतोस, वळणाच्या शेवटापर्यंत चालत जातोस, चपलेनं रस्ता घासून बघतोस, परत येतोस आणि मग जीप नेतोस. पहिल्यांदा लोक हसले. मग पावसाळ्यात एका बाळंतपणाच्या बाईला तू धारणीला घेऊन निघालास. तिचा नवरा हात जोडत होता, शिव्या देत होता, आणि तू उतरून रस्ता तपासत होतास. बाई वाटेतच बाळंत झाली. प्रतीक्षा सोबत होती म्हणून दोघं जगली. ती म्हणाली, "दिक्षे, बाळ माह्या हातात होतं अन् तो समोर रस्त्यावर वाकून खडे येचत होता." त्यानंतर जीप काढून घेतली, तुला केंद्राच्या फाटकावर रखवालदार म्हणून बसवलं. तू बरं झालं म्हणालास.

आईनं सगळं ऐकलं आणि देवघर नसलेल्या आपल्या घरात बाबासाहेबांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. बाबा अंगणात होते. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. रात्री जेवताना ते भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "मी बोललो म्हनून झालं हे."

आई म्हणाली, "मंग तुमीच आना त्याले."

आम्ही येतोय. तू नको म्हणायला तुझ्याकडे फोन नाही, हे बरं आहे.

दिक्षा

*

अकोला
२९ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

अक्षर वाकडंतिकडं आहे, कारण पालथी पडून लिहिते आहे. पाठीमागे, बसतो त्या जागी, जखम झाली आहे. मला तिथं काही कळत नाही, त्यामुळे ती मोठी झाल्यावरच आईला दिसली. ती भरेपर्यंत बसायचं नाही. काही महिने तरी. आई म्हणते गाडीत इतका वेळ बसून झाली. मी तिला सांगितलं, आधीपासूनच होती. तूही तेच समज.

तुला न्यायला आलो त्या दिवशी तूही होतास, सगळं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. पण तू पूर्ण वेळ रस्त्याकडे बघत होतास. मी मागच्या सीटवर ओढणीनं बांधलेली होते, मला सगळं दिसत होतं. तुला न दिसलेलं लिहिते.

जाताना चंद्रभानभाऊ गाडी चालवत होते. आपल्या गल्लीतलेच, भाड्यानं गाडी चालवतात ते. अकोट, अंजनगाव, परतवाडा. बाबा पुढे बसले होते, मांडीवर आईनं दिलेला डबा, त्यात भाकरी, वांग्याची भाजी आणि तुझ्यासाठी जवसाची चटणी. परतवाडा सोडल्यावर मी खिडकीला डोकं लावून बसले. माझं वळण बघायचं होतं. बराच वेळ गेला, गाडी सेमाडोहला आली. मी विचारलं, "घटांग गेलं का?" चंद्रभानभाऊ म्हणाले, "कवाच गेलं, ताई. तिथं आता रस्ता रुंद केला, कठडा बांधला." मी ओळखलंच नाही. माझं सगळं आयुष्य जिथं राहिलं ती जागा समोरून गेली आणि मी ओळखली नाही.

तू फाटकावर खुर्चीत बसला होतास. आम्हाला पाहून उठलास, फाटक उघडलंस, जसं कोणालाही उघडतोस तसं. मग तुला कळलं. बाबा गाडीतून उतरले. गेल्या वर्षापासून ते वाक्य जुळवत होते, मला माहीत आहे, कारण रस्ताभर त्यांचे ओठ हलत होते. पण तुझ्यासमोर उभं राहिल्यावर ते म्हणाले, "जेवला का?"

तू म्हणालास, "हो."

तू जेवला नव्हतास. प्रतीक्षानं नंतर सांगितलं.

तू माझ्याकडे आलास. शर्ट तुझ्या अंगावर लोंबत होता. माझ्या तोंडाकडे पाहिलंस, पायांकडे नाही. मी म्हणाले, "दादा, मले घरी घेऊन चाल. तू चालव." तू म्हणालास, "चंद्रभानभाऊ हायेत ना." मी म्हणाले, "मले तूच पाहिजे." तू चंद्रभानभाऊंच्या हातातून किल्ली घेतलीस तेव्हा बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, झालं. आता घरी.

हरिसालपर्यंत तू किती छान चालवलंस. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना साग. तू आरशात एकदा मला बघितलंस आणि विचारलंस, "ऊन तर लागत नाई ना?" आई तिथं असायला हवी होती.

मग घाट आला. पहिल्या वळणावर तू थांबलास, उतरलास, गेलास, चपलेनं रस्ता घासलास, परत आलास. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्या वळणावर तू दार उघडलंस आणि तुझ्याआधी बाबा उतरले. तुला हात करून म्हणाले, "तू बस." आणि ते पुढे चालत गेले. त्यांच्या त्या गुडघ्यानं. वळणाच्या शेवटी जाऊन त्यांनी तुझ्यासारखीच चपलेनं जमीन घासली, वाकून बघितली आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "साफ हाय रे! ये!"

तू गाडी नेलीस. ते धापा टाकत आत बसले. पुढच्या वळणावर परत उतरले. "साफ हाय! ये!" मागे एक एसटी येऊन थांबली होती. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला, "काय बे, पायी पायी पुन्याले चाल्ले का?" बाबांनी त्याला हात जोडले आणि म्हणाले, "जरा थांबा भाऊ, माह्या पोराले रस्ता दाखवून राहिलो." आपल्या बाबांनी आयुष्यात कोणाला हात जोडलेले मी पाहिले नव्हते. तू तेव्हा स्टिअरिंगकडे बघत होतास. म्हणून लिहिलं.

मग एका मोठ्या वळणावर बाबा ओरडले आणि तू गाडी सुरूच केली नाहीस. तू किल्ली काढलीस, उतरलास आणि चालत त्यांच्याजवळ गेलास. खिडकी उघडी होती, मला दोघांचं ऐकू येत होतं.

बाबा म्हणाले, "पाह्य ना, काईच नाई. साफ हाय."

तू म्हणालास, "बाबा, तवाबी साफच दिसलं होतं."

तू कठड्यावर बसलास. बाबा तुझ्याजवळ उभे राहिले. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, काढला, परत ठेवला. म्हणाले, "म्या बोलाले नव्हतं पाहिजे." तू म्हणालास, "तुमी बरोबर बोलले." एसटी बाजूनं निघून गेली, त्यामागच्या गाड्याही गेल्या.

मला उतरता आलं असतं तर मी आले असते. दार उघडून तुझ्यापर्यंत तर यायचं होतं. तेवढंच होतं. मी तुला हाक मारली, दोनतीनदा. तू बघितलं नाहीस. बहुतेक वाऱ्यामुळे ऐकू गेलं नसेल.

चंद्रभानभाऊ तुझ्याकडून किल्ली घेऊन स्टिअरिंगवर बसले तेव्हा तू म्हणालास, "मी धारनीची बस पकडतो." बाबा बस येईपर्यंत थांबतो म्हणाले. तू म्हणालास, "उशीर होईन, तिले त्रास होईन." त्यांनी डबा तुझ्या हातात दिला. गाडी वळली आणि तू दिसेनासा झालास. बाबा समोर बसून रडत होते, आवाज न करता. चंद्रभानभाऊंनी गाडीतला रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

दादा, या पत्रात मी तुला ये म्हणत नाही. प्रतीक्षाची बदली होते आहे, यापुढे पत्र तुझ्यापर्यंत कोण पोचवील माहीत नाही. तिथं फाटकावर बसायला तुला बरं वाटतं ना? मग बस. तिथं वळण नाही. मी तुझ्याकडे काही मागत नाही आणि तुझ्यावर माझा राग नाही. हे मी आधीही लिहिलं, पण त्याचा तुला उपयोग झाला नाही, हे मला त्या कठड्यावर कळलं. तू घरी आलास तरी रोज मलाच बघणार.

स्कूटर बाबांनी झाकून ठेवली आहे. ऑफिसातून खालच्या खोलीचं काही कळलं नाही. बाबा गुडघ्याला तेल लावून घेतात आणि तुझं नाव आता घरात घेतात, जेवताना, कुठल्याही गोष्टीवरून.

आम्ही परत आलो तेव्हा आई दारात उभी होती. तिनं गाडीत वाकून बघितलं, मागे, पुढे. मग काही न विचारता मला उतरवून घेतलं, कपडे बदलले, गरम पाण्यानं अंग पुसलं. झोपवताना म्हणाली, "वायला का गं तो, बारीक झाला का?"

मी म्हणाले, "नाई आई. जरा भरला हाय. तिथं जेवन चांगलं भेटते त्याले."

ती म्हणाली, "होय का?" आणि दिवा बंद करायला उठली. मग दारात थांबून परत म्हणाली, "खरंच?"

दिक्षा